पिस्तुलावरचा वाघ

घरातल्या जुन्या पेटीतून एखादे पिस्तूल निघाले, की त्याच्याबरोबर एक गोष्टही निघते. 'आमच्या खापरपणजोबांना हे टिपू सुलतानाने दिले होते.' ऐकायला गोड वाटते. पण जाणकार माणूस गोष्टीपाशी थांबत नाही. तो पिस्तूल उजेडात धरतो आणि वाचू लागतो.

टिपूच्या शस्त्रांवर वाचण्यासारखे पुष्कळ असते. श्रीरंगपट्टणला चकमकीची पिस्तुले घडत. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटायची आणि ठिणगी दारूवर पडायची. ही युक्ती युरोपातली. पण वरचे वाघाचे पट्टे टिपूचे. त्याच्या शस्त्रांवर कधी वाघाचे तोंड दिसते आणि ते चक्क अक्षरांनी घडवलेले असते! 'असदुल्ला', म्हणजे अल्लाचा सिंह, हे हजरत अलींचे बिरुद. अक्षरांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हा वाघ सोन्यारुप्याच्या नक्षीपेक्षा मोलाचा वाटतो.

ही पिस्तुले जोडीने बनत. एकाचा घोडा उजव्या अंगाला, दुसऱ्याचा डाव्या. डाव्या घोड्याचे पिस्तूल एकटेच हाती आले, तर ते डावखुऱ्याचे असे समजू नये. त्याचे भावंड हरवलेले असते.

सालाची तर मोठी गंमत. टिपूने हिजरी सन बाजूला ठेवून पैगंबरांच्या जन्माशी जोडलेला 'मौलूदी' सन चालवला आणि आकडे उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. त्यामुळे ४२२१ दिसले तर ते १२२४ वाचायचे, म्हणजे इसवी सन १७९६च्या आसपास.

४ मे १७९९ रोजी पट्टण पडले, लूट झाली आणि यातली कितीतरी शस्त्रे विलायतेला गेली. आपल्याकडच्या पेटीत निघते ते बहुधा कंपनी सरकारचे पिस्तूल. घोड्याखालच्या पट्टीवर चार खणांचे बदामी चिन्ह असेल तर ते जुने. साधारण १८०८नंतर त्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. गारगोटीऐवजी टोपी लागत असेल, तर ते आणखी नंतरचे किंवा मागाहून बदललेले. अशी पिस्तुले हजारांनी बनली, म्हणून त्यांना टिपूच्या पिस्तुलाचा भाव येत नाही.

नाव सिद्ध झाले की भाव कुठे जातो बघा. कंपनीच्या मेजर थॉमस हार्टने नेलेली टिपूची एक बंदूक इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर पडून होती. २०१९ साली लिलावात तिला ६० हजार पौंड आले.

आणि आपण काय करतो? दिवाळीच्या नाहीतर ईदच्या साफसफाईत पॉलिशपेपर घेऊन बसतो. पिस्तूल चकचकीत होते. शिक्का, साल, वाघ सगळे पुसले जाते. त्याबरोबर किंमतही जाते. गंज वाढू नये म्हणून हलका तेलाचा हात पुरे.

कायदाही ठाऊक हवा. दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराण्या हत्याराला १९५९च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. पण ते खरेच तसे आहे का, हे आपणच ठरवून मोकळे होऊ नये. जिल्हाधिकारी कचेरीत विचारावे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परदेशी ग्राहकाला परस्पर धाडता येत नाही, मग तो कितीही पौंड देऊ करो.