टीबी आणि एचआयव्ही सोबत असतील तर? डॉ. सलीम अब्दुल करीम यांचं संशोधन आणि नांदेड-लातूरचे रुग्ण

डॉ. सलीम अब्दुल करीम हे दक्षिण आफ्रिकेतील नामवंत डॉक्टर व संशोधक. जन्म १९६०, डर्बन; घराणं मूळचं भारतीय. ‘काप्रिसा’ या एड्स संशोधन केंद्राचे ते संचालक. पत्नी डॉ. कुरैशा अब्दुल करीम याही तिथेच संशोधक. दोघांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. पण आपल्याकडच्या रुग्णाला रोज उपयोगी पडणारं त्यांचं काम जुनं आहे आणि त्याची चर्चा कमी होते.

प्रश्न असा होता: एकाच माणसाला टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असले, तर एचआयव्हीच्या गोळ्या कधी सुरू करायच्या? बरेच डॉक्टर म्हणायचे, आधी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स संपू द्या. भीती खोटी नव्हती. गोळ्यांचा ढीग होतो, औषधं एकमेकांवर परिणाम करतात, शिवाय प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की ताप येतो, गाठी वाढतात. पण वाट पाहण्यात माणूसच हातचा जायचा.

करीम आणि सहकाऱ्यांनी डर्बनमध्ये ६४२ रुग्णांवर हे तपासलं. ४२९ जणांना टीबीचा कोर्स चालू असतानाच एचआयव्हीची औषधं, २१३ जणांना कोर्स संपल्यावर. पहिल्या गटात मृत्यूचं प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी निघालं. फरक इतका उघड, की सप्टेंबर २००८ मध्ये देखरेख समितीने थांबलेल्या रुग्णांनाही लगेच औषधं द्यायला सांगितलं. २०१० मध्ये निकाल छापून आला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आठ आठवड्यांच्या आत औषधं सुरू करण्याची शिफारस केली. २०२१ मध्ये ती दोन आठवड्यांवर आली. मेंदूच्या टीबीत मात्र थोडं थांबतात.

आपलं पुणेही अशा कामात होतं. तिथली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात सहभागी होती. २०११ च्या निकालात, एचआयव्हीचे उपचार लवकर मिळालेल्या गटात फुप्फुसाबाहेरचा टीबी ३ जणांना झाला, उशिराच्या गटात १७ जणांना.

नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एआरटी केंद्रांत दोन्ही उपचार मोफत आहेत. “दोन्ही गोळ्या सोबत घेतल्या तर गरम पडतील” म्हणून एक बंद करणारे बरेच भेटतात. खरी काळजी वेगळी आहे. टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध एचआयव्हीच्या डोल्युटेग्रावीरचा असर कमी करतं, म्हणून तेवढ्या काळात ती गोळी दिवसातून दोनदा देतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप चढला, मानेत गाठ आली, तर औषध न सोडता केंद्रात जाऊन दाखवायचं.