इंग्लंडमधील शाळांचे विनावेतन कारभारी
इंग्लंडमध्ये शालेय कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे आला तो १८७० च्या शिक्षण कायद्याने. पार्लमेंटसाठी स्त्रियांना मताधिकार नव्हता. पण त्याच वर्षी लंडनच्या स्कूल बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस निवडून आल्या. १९०२ च्या कायद्याने ही बोर्डे मोडीत निघाली, सत्ता कौन्सिलांकडे गेली. यात पालकांचा तोटाच झाला. त्यांना नियामक मंडळात बरोबरीचे स्थान देण्याची शिफारस टेलर समितीने १९७७ मध्ये केली. पालकांनी निवडलेल्या प्रतिनिधींची तरतूद १९८० मध्ये झाली. १९८८ च्या कायद्याने अंदाजपत्रकही मंडळाच्या हाती येऊ लागले, म्हणजे खरा अधिकार आला. आज कौन्सिलच्या शाळांत पालक-प्रतिनिधी पालकांच्या मतदानाने येतो; मूल शाळेत नसलेल्या नागरिकाला मंडळ स्वतः सामावून घेऊ शकते. वय किमान १८ हवे. मानधन नाही. मुख्याध्यापकांना जाब विचारायचा, वर्ग चालवायचे नाहीत.