झिरो बजेट नैसर्गिक शेती

विकतची खते-औषधे न वापरता गावातल्याच सामग्रीवर पिके घेण्याची पद्धत. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे शेतकरी सुभाष पाळेकर (जन्म १९४९) हे तिचे प्रवर्तक. रासायनिक शेतीत उत्पादन घसरू लागल्यावर, जंगलातली झाडे खताविना कशी वाढतात हे पाहून त्यांनी स्वतःच्या शेतात प्रयोग केले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खनिज तेल-वायूशी रासायनिक शेतीचा थेट संबंध आहे. युरियाच्या अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन भारतात मुख्यतः नैसर्गिक वायूतून मिळतो आणि त्यातला बराच वायू आयात होतो. त्यामुळे आखातात भडका उडाला की त्याची झळ अकोल्याच्या कपाशीपर्यंत पोचते. याला उतारा म्हणजे जीवामृत : २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचा. दोन दिवसांत ते तयार होते आणि एकरभराला पुरते. ओळींमध्ये कुटाराचे आच्छादन घालतात, त्याने कोरडवाहू जमिनीत ओल टिकते.

कर्नाटक व आंध्र प्रदेशात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पोचली. उत्पादनवाढीच्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेप रास्त आहेत. खर्च आणि कर्ज कमी करण्याची तिची ताकद मात्र मोलाची आहे. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राचे डिझेल या पद्धतीतही सुटलेले नाही.