नवसागर आणि राळ

सोनपेठच्या बाजारात कल्हईवाले चाचा भट्टी मांडायचे. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, मग कापडाच्या बोळ्यानं कथील फिरायचं आणि शेवटी भांडं चर्रकन पाण्यात बुडायचं. माझा रेडिओ दुरुस्तीचा धंदा त्याच भट्टीच्या कुळातला. नवसागर तापला की त्यातून सुटणारं आम्ल तांब्यावरचा काळा थर खातं, तेव्हाच कथील धरतं. सोनाराचा टाकणखार धातू असाच साफ ठेवतो, आमची राळही; या सगळ्यांना फ्लक्स म्हणतात.

पण भांडं लगेच पाण्यात जातं. रेडिओचा बोर्ड कोण बुडवणार?

परभणीचं आकाशवाणी केंद्र 1968 साली सुरू झालं. मी वस्तादांच्या दुकानात बसू लागलो तोवर गावात ट्रान्झिस्टर बरेच झाले होते. वस्तादांच्या डबीत राळेचा खडा असे. चीडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतलं की मागं राहते ती राळ. तापली की तिच्यातलं आम्ल कामाला लागतं, थंड झाली की काचेसारखी कडक होऊन तेच आम्ल आत कोंडून ठेवते.

गंजलेल्या टोकांवर ती मला कमजोर वाटे. म्हणून मी डबे झाळणाऱ्याकडून जस्त विरघळवलेलं तेजाब आणलं. सोल्डर झटक्यात बसलं. सेट उन्हाळाभर खणखणीत वाजला आणि श्रावणात परत आला. नुसती खरखर. उघडला तर बोर्डावर हिरवा थर, एक तार बोट लावताच तुटली. जस्ताचा तो क्षार हवेतली ओल ओढतो, ओलाव्यातून वीज नको तिकडे पाझरते, तांबं झिजत जातं. गिऱ्हाइकाला मी पैसे परत दिले. तो बोर्ड वस्तादांनी खिळ्याला टांगला. दुकान असेपर्यंत तो तिथंच होता.

मोठे कारखाने उरलेला फ्लक्स काढायला बोर्ड सीएफसी द्रवांनी धूत. ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 साली माँट्रियलचा करार झाला, ते द्रव बंद होत गेले आणि न धुता चालणारा ‘नो-क्लीन’ फ्लक्स रुळला. आमच्याकडे आधीही स्पिरिट आणि टूथब्रश, नंतरही तेच.

आता मोबाइलवाली पोरं सिरिंजमधून फ्लक्सची पेस्ट सोडतात आणि नो-क्लीन म्हणून तशीच ठेवतात. पण ती पुरती तापली तरच निरुपद्रवी. चिपखाली अर्धवट तापलेली राहिली की पावसाळ्यात तोच हिरवा थर. म्हणून त्यांच्या टेबलाशी बसून दाखवतो: आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भरपूर सोडा, बोर्ड तिरका धरा, मळ वाहून जाऊ द्या. नुसता पुसला तर पसरतो.