समाक्षरी इंग्रजी शब्द : सुरत गट

एस, यू, आर, ए, टी या पाच रोमन अक्षरांची जागा बदलून किंवा त्यांत आणखी एक अक्षर मिळवून होणारे इंग्रजी शब्द. शब्दकोडी सोडवणाऱ्यांना आणि स्क्रॅबल खेळणाऱ्यांना हा गट उपयोगी पडतो.

पाच अक्षरी शब्द

सुरत : मुंबई इलाख्यातला आखूड धाग्याचा कापूस, त्याचे जाडेभरडे कापड. शब्द शहरावरून आला, पण लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाला बहुधा सरसकट हेच नाव असे. खानदेशचा कापूसही त्यात मोडे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस आटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना सुरतेवर भागवावे लागले. तंतू आखूड, कचरा फार. सूत सारखे तुटे आणि विणकराची मजुरी बुडे. त्यातून ‘हलका, भेसळीचा माल’ असाही अर्थ या शब्दाला चिकटला. लँकेशायरच्या बोलीत लिहिणारा कवी सॅम्युएल लेकॉक याने या विणकरांच्या हालांवर गीत रचले.

सूत्र : संस्कृतातून इंग्रजीत गेलेला शब्द. थोडक्यात बांधलेले नियमवचन. मूळ अर्थ दोरा. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त अशी सुमारे ४,००० सूत्रे आहेत. देवनागरीत मात्र सुरत आणि सूत्र यांची अक्षरे जुळत नाहीत; ह्रस्व-दीर्घ उकार आणि जोडाक्षर आड येते.

एक अक्षर मिळवून

ट्रेगस (जी) : कानाच्या छिद्रापुढची कूर्चेची लहान पाळी. बोकड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तेथील केस बोकडाच्या दाढीसारखे दिसतात म्हणून.
ऑरिस्ट (आय) : कानाचा डॉक्टर, आता मागे पडलेला शब्द.
लस्ट्रा (एल) : लस्ट्रमचे अनेकवचन. रोममधील जनगणनेनंतरचा शुद्धिविधी. त्यावरून पाच वर्षांचा काळ.
स्ट्रूमा (एम) : गलगंड.
टार्सस (एस) : घोट्याजवळच्या सात हाडांचा समूह.
सरटॅक्स (एक्स) : मूळ करावर बसवलेला जादा कर. भारतात कंपन्यांच्या नफ्यावर असा कर लावणारा कायदा १९६४ मध्ये झाला.

लिंबायतमधील संदर्भ

ज्या सुरत शहरावरून हा शब्द आला, तिथल्या महापालिकेच्या हद्दीतला लिंबायत हा दाट कामगारवस्तीचा भाग. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थायिक झालेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने आहेत. उधना–जळगाव रेल्वेमार्ग हा त्यांचा गावाकडचा रस्ता. त्यांतले अनेक जण कापडधंद्यात आहेत. यंत्रमागावर बीमवरचा उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. ताणा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागते. मात्र सुरतेत आज विणला जाणारा धागा मुख्यतः पॉलिएस्टरसारखा कृत्रिम असतो. त्यामुळे इंग्रजी कोशांतला ‘सुरत’चा कापूसवाचक अर्थ आता केवळ ऐतिहासिक समजावा.