सँडोने मांडलेले शक्तीचे दुकान

बिनबाह्यांच्या बनियनला आपण 'सँडो' म्हणतो. कापडाच्या दुकानात 'दोन सँडो द्या' असे सांगताना आपण एका मनुष्याचे नाव उच्चारीत आहोत, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. वर्गात एकदा मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एका हुशार विद्यार्थ्याने 'ती कंपनी असावी' असे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते, पण अगदीच चुकीचे नव्हते. सँडो हा जसा एक मल्ल होता, तशीच ती एक कंपनीही होती. आणि आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे.

हल्ली शहरातल्या प्रत्येक पेठेत 'जिम' उघडलेली दिसते. आरसे, यंत्रे, महिन्याची फी, आणि दारावर कोणा पीळदार देहाचे चित्र. या सर्व मांडणीचा मूळ आराखडा पाहावयाचा असेल, तर 1897 सालच्या लंडनमध्ये, सेंट जेम्स स्ट्रीटवर जावे लागेल. त्या वर्षी यूजेन सँडो याने त्या उच्चभ्रू वस्तीत आपली शरीरसंवर्धनाची संस्था उघडली.

त्याचे खरे नाव फ्रीडरिश व्हिल्हेल्म म्यूलर. जन्म 1867 चा, प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरी; ते शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद आहे. ब्रुसेल्समध्ये प्रोफेसर अटिला या नावाने प्रसिद्ध असलेल्या वस्तादाने त्याला तयार केले. 1889 साली लंडनच्या एका रंगगृहात सॅम्सन नावाच्या मल्लाचे जाहीर आव्हान स्वीकारून त्याने त्यास हरविले आणि एका रात्रीत त्याचे नाव झाले. 1893 साली शिकागोचे जागतिक प्रदर्शन भरले असता तेथे झीगफेल्ड या चतुर नाट्यव्यवस्थापकाने त्याला रंगमंचावर आणले. सँडो किती वजन उचलतो यापेक्षा सँडो दिसतो कसा, हे पाहण्यास लोक अधिक पैसे मोजतात, हे झीगफेल्डने ओळखले. सँडोनेही तो धडा जन्मभर विसरला नाही.

आता आपल्याकडची तालीम डोळ्यांसमोर आणा. तांबडी माती, कोपऱ्यात मारुती, वस्तादाचा दरारा. तालमीला आश्रय बहुधा एखाद्या संस्थानिकाचा किंवा गल्लीतल्या मंडळींचा. वस्तादाला दक्षिणा मिळे, पण ती फी नव्हे. आणि पोराला किती जोर मारावयाचे हे विचारण्याचा अधिकार नसे. वस्ताद सांगेल तितके. सँडोच्या संस्थेत याच्या नेमके उलट होते. येणारा मनुष्य शिष्य नव्हता, गिऱ्हाईक होता. प्रथम फितीने त्याचे माप घेतले जाई: छाती, दंड, मांडी, पोटरी. त्याचे वय, त्याची प्रकृती, त्याचा उद्योग पाहून व्यायामाचा तक्ता दिला जाई, आणि काही काळाने पुन्हा मापे घेऊन फरक दाखविला जाई. माप हा सँडोच्या धंद्याचा प्राण होता. माती अंगाला लागते, परंतु वहीत टिपता येत नाही; छातीचे दोन इंच वहीत टिपता येतात, आणि ज्याचा हिशेब मांडता येतो त्याचे मोल मागता येते.

ज्याला लंडनला येणे शक्य नव्हते, त्याने आपली मापे टपालाने पाठवावी. तक्ता त्याच्या घरी पोहोचे. 1898 साली सँडोने शरीरसंवर्धनाचे मासिक काढले आणि त्यात शिष्यांची छायाचित्रे मापांसह छापली. त्याच्या डंबेलचे दोन अर्धे भाग असून त्यांच्या मध्ये स्प्रिंगा बसविलेल्या असत. व्यायाम करीत असता ते दोन्ही भाग मुठीने दाबून धरावे लागत, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जाणे कठीण. कचेरीतल्या कारकुनालाही घरच्या घरी वापरता येईल असे ते साधन होते.

येथे मात्र एक खोच आहे. स्वतः सँडोचा देह जड वजनांवर घडलेला होता. अटिलाने त्याला हलक्या डंबेलांवर तयार केले नव्हते. तरी विकताना त्याने विकला तो हलका, सुखकर व्यायाम. कारण जड वजनाचे खरे वेड असलेली माणसे थोडी आणि थोडे बरे दिसावे असे वाटणारी असंख्य. व्यापारी या नात्याने त्याचा हिशेब बरोबर होता. पण ज्यांना खरोखरच बळ हवे होते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी दुकान मांडले ते दुसऱ्या एका मनुष्याने. शिकागोच्या प्रदर्शनात सँडोला पाहून भारलेल्या तरुणांत ॲलन कॅल्व्हर्ट नावाचा एक अमेरिकन होता. त्याने 1902 साली फिलाडेल्फियात मायलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमीजास्त करता येईल असे बारबेल विकावयास आरंभ केला. सँडोने ज्यांना मागे सोडले, त्यांचा सौदा कॅल्व्हर्टने केला.

14 सप्टेंबर 1901 रोजी सँडोने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. परगण्यापरगण्यांतील निवडीचे काम आधी तीन वर्षे चालले होते. परीक्षक होते शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल. नुसता दंड फुगलेला असून चालत नसे. सर्व अवयवांचा मेळ, प्रकृती, एवढेच काय त्वचेची कांतीही पाहिली जाई. नॉटिंगहॅमचा मरे नावाचा तरुण पहिला आला आणि सँडोची सोनेरी मूर्ती त्यास मिळाली. त्या रात्रीची एक हकीकत डॉइलने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. समारंभ आटोपून तो परतत असता विजयी वीर मूर्ती काखोटीस मारून रस्त्याने चाललेला दिसला. रात्र काढावयास त्याच्यापाशी पुरते पैसे नव्हते. डॉइलने त्यास आपल्या हॉटेलात नेऊन त्याची सोय केली. मला तर साऱ्या स्पर्धेपेक्षा हा प्रसंगच अधिक बोलका वाटतो.

1904–05 च्या सुमारास सँडो हिंदुस्थानात आला व कलकत्ता, मुंबई येथे त्याचे खेळ झाले. परंतु त्याचे नाव येथे त्यापूर्वीच पोहोचले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1897 सालीच त्याचे साहित्य व पुस्तक आणवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचा प्रचार हेच त्यांनी जीवितकार्य मानले. सूर्यनमस्काराला साहित्य लागत नाही, जागाही वीतभर पुरते. मात्र त्यांचा प्रसार त्यांनी पुस्तके छापून, तक्ते देऊन केला. ती रीत सँडोच्या ओळखीची होती. बडोद्यास तर जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात माणिकरावांनी देशी व्यायामाला कवायतीची शिस्त लावली, पण त्यांनी ते दुकान होऊ दिले नाही.

1911 साली पंचम जॉर्ज बादशहाने सँडोला आपला शरीरसंवर्धनाचा प्राध्यापक नेमले. एवढ्यावर मन भरले असते तर बरे झाले असते. पण नावावर काहीही खपते असा त्याचा ग्रह झाला होता. व्यायामाच्या मागोमाग स्त्रियांसाठी कॉर्सेट आले, मग 'आरोग्य व शक्ती'चा कोको आला. कोकोचा कारखाना काढला आणि 1914 साली महायुद्ध पेटले. 1906 सालीच त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते. तरी जन्माने तो जर्मनच, आणि त्या दिवसांत जर्मन नावाच्या पाट्या लंडनमध्ये फोडल्या जात होत्या. 1916 साली कोकोची कंपनी बुडाली.

14 ऑक्टोबर 1925 रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सँडो लंडनमध्ये वारला. पटनी व्हेलच्या दफनभूमीत त्यास पुरले. कबरीवर दगड बसवू नये अशी पत्नीची इच्छा होती, आणि तो बसला नाही. ज्याचा पुतळा स्पर्धेत बक्षीस म्हणून दिला जात होता, त्याची कबर पाऊण शतक ओळखू येत नव्हती. 2002 साली एका चाहत्याने तेथे शिळा बसविली. 2008 मध्ये त्याच्या एका वंशजाने ती बदलून नावासह मोठा दगडी स्तंभ उभा केला. त्याच्या मूर्तीची प्रत 1977 पासून 'मिस्टर ऑलिंपिया'च्या विजेत्यास दिली जाते, आणि आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात हातगाडीवर सँडो मिळतात.