अकराशेचं इंजिन आणि उस्तादांची वही

पुणे-नगर रस्त्यानं शिरूरकडे निघालं की रांजणगावचा गणपती मागे पडतो आणि एमआयडीसीच्या कुंपणांना लागून आमचं कारेगाव येतं. फियाटचा कारखाना इथून जवळच. कंपनीच्या बस, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, नव्या गाड्या लादून निघालेले लांबलचक ट्रेलर हे इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं. २०१५ साली याच कारखान्यातून ‘अबार्थ पुंटो’ नावाची एक गाडी बाहेर पडली. दिसायला साध्या पुंटोसारखीच, पण १४५ अश्वशक्तीची आणि अंगावर विंचवाचं चिन्ह मिरवणारी. ती फार काळ चालली नाही. पुढे काही वर्षांत फियाटच्या नावानं गाड्या विकणंच भारतात बंद झालं.

त्या विंचवाचा माग काढत मागे गेलं, तर मात्र एक वेगळाच इतिहास हाती लागतो. त्यात इटलीतल्या शर्यतीच्या गाड्या आहेत, कुर्ल्याचा कारखाना आहे, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आहे आणि ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत असे शेकडो मिस्त्री आहेत. या सगळ्यांना बांधणारा धागा एकच, दुरुस्ती.

सुरुवात १९३७ सालापासून करू. त्या वर्षी फियाटनं ‘५०८ सी’ ही गाडी काढली. तिच्यामागचा मुख्य इंजिनिअर दान्ते जाकोसा. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी केलेलं हे साधं, दणकट यंत्र होतं. हेड उतरवा, व्हॉल्व्ह घासा, पुन्हा बसवा. कुठल्याही शहाण्या कारागिराला समजेल अशी रचना. हा साधेपणाच पुढे त्याचं भाग्य ठरला.

एन्झो फेरारी हे नाव आज पोरासोरांना माहीत आहे. १९३९ मध्ये ते अल्फा रोमिओ सोडून बाहेर पडले तेव्हा करारानं त्यांच्यावर चार वर्षं स्वतःच्या नावानं शर्यतीत उतरायला बंदी होती. त्यांनी मोदेनात दुसऱ्याच नावानं छोटा कारखाना चालवला आणि शर्यतीच्या दोन गाड्या बांधल्या. पैसा कमी, वेळ त्याहून कमी. मग त्यांच्या माणसांनी याच फियाट अकराशेचे भाग उचलले. दोन इंजिनांची हेडं एकापुढे एक ठेवली, खाली नवा ब्लॉक ओतून घेतला आणि आठ सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन उभं केलं. आठ सिलिंडर आणि दीड लिटर म्हणून गाडीचं नाव ‘८१५’. एप्रिल १९४० मध्ये ब्रेशियाच्या शर्यतीत दोन्ही धावल्या, दोन्ही अर्ध्यातच बंद पडल्या. त्यातली एक चालवत होता अल्बेर्तो अस्कारी, जो पुढे १९५२ आणि १९५३ साली जगज्जेता झाला. त्याची ती गाडी जपली गेली. दुसरी मात्र नंतर भंगारात गेली. फेरारींच्या पहिल्या गाडीवर फेरारींचं नाव नव्हतं आणि तिच्या पोटात कुटुंबाच्या मोटारीचे भाग होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

महायुद्धानंतर हीच गोष्ट तुरीन शहरात पुन्हा घडली. पिएरो दुसिओ नावाच्या उद्योजकानं ‘चिसितालिया’ ही कंपनी काढली. युद्धानं मोडलेल्या देशात नवं इंजिन कुठून आणणार? जाकोसांनीच त्यांना पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर फियाट अकराशेचं इंजिन बसवून एक छोटी शर्यतीची गाडी आखून दिली. तिच्यामागून १९४७ मध्ये ‘२०२’ आली. तिचा पत्रा पिनिन फारिना यांच्या कारखान्यात हातोडीनं ठोकून घडवला जायचा. त्याच वर्षी मिल्ले मिल्या या इटलीभरच्या शर्यतीत पन्नाशीतला ताझिओ नुवोलारी या छोट्या गाडीत बसून दुसरा आला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं मोटारींचं एक प्रदर्शन भरवलं, त्यात ही गाडी होती. आज ती त्या संग्रहालयाच्या मालकीची आहे. चित्रं आणि शिल्पांच्या शेजारी उभी असलेली ही गाडी १०८९ सीसीच्या त्याच फियाट इंजिनावर धावायची.

चिसितालियाच्या शर्यत विभागात कार्लो अबार्थ नावाचा व्हिएन्नात जन्मलेला माणूस होता. १९४९ मध्ये कंपनी बुडाली तेव्हा त्यानं उरलेल्या गाड्या आणि भाग घेऊन स्वतःचं दुकान मांडलं. रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. त्याचा मुख्य धंदा काय, तर साध्या फियाटला तेज करणं. १९६० च्या दशकात तो फियाट ५०० साठी लागणारे भाग लाकडी पेटीत भरून विकायचा. पेटी घरी न्या, इंजिन उघडा, नवे भाग बसवा आणि शर्यतीला जा. थोडक्यात, आमच्या शेजारच्या कारखान्यातून २०१५ साली निघालेला विंचू मूळचा गॅरेजमधला.

आता आपल्याकडे येऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना मुंबईला, कुर्ल्यात. १९५४ पासून तिथे फियाट अकराशे बनू लागली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. फियाटशी करार संपल्यावर गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावानं ‘पद्मिनी’. इंजिन मात्र त्याच घराण्यातलं, १०८९ सीसी. व्यास ६८, धाव ७५. ज्या यंत्रातून इटलीत शर्यतीची गाडी उभी राहिली, तेच यंत्र आपल्याकडे दादर ते भेंडीबाजार मीटर टाकून पळत राहिलं.

फरक परिस्थितीचा होता. इटलीत लोकांनी हे इंजिन उघडलं ते वेगासाठी, आपण उघडलं ते टिकण्यासाठी. परवाना राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि बाहेरून माल आणायला बंदी. त्यामुळे एकदा घेतलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायचीच, हा नियम होऊन बसला. सिलिंडर झिजला की बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. व्हॉल्व्ह गळायला लागला की पेस्ट लावून हातानं घासायचा. पत्रा सडला की कापून नवा वेल्ड करायचा. या गाडीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही, सगळा भार शरीरावरच. त्यामुळे दरवाज्याखालची पट्टी गंजली तर ते काम रंगाऱ्याचं नव्हे, हाडवैद्याचं. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, ही या विद्येची गुरुकुलं. शिकवणारे बरेचसे मुसलमान, पण शिकणारे सगळ्या जातीधर्मांचे. पंचर काढण्यावरून आमच्या समाजाची टिंगल करणाऱ्यांनी या गल्ल्यांमधून एकदा फिरून यावं. तिथे उभं राहिलेलं काम हे या देशाच्या औद्योगिक इतिहासाचं एक प्रकरण आहे, आणि ते अजून नीट लिहिलं गेलेलं नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दांकडे माझं लक्ष आधी जातं. ‘दुरुस्ती’ हा शब्द फारसीतला. दुरुस्त म्हणजे बरोबर, धड. मराठीनं तो गाडीलाही लावला आणि शुद्धलेखनाच्या वहीलाही. उर्दूत गाडीची ‘मरम्मत’ होते आणि दुरुस्ती उच्चाराची. कारखाना आणि कारागीर फारसीतून आले, मिस्त्री पोर्तुगिजांकडून. गॅरेजमध्ये या सगळ्यांना इंग्रजी येऊन मिळते. ‘उस्ताद, टॅपेट वाजतंय, हेड उतरवू का?’ या एका वाक्यात तीन मुलखांचे शब्द आहेत आणि ते अस्सल मराठी आहे.

या शब्दांमुळेच माझा या विषयात शिरकाव झाला. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त कामगार काकांनी १९६० च्या दशकातली एक डिलाइट घेतली. पुण्यातल्या एका मिस्त्रींच्या घरून. मिस्त्री हयात नव्हते, गाडी शेडमध्ये धूळ खात होती. डिकीत अवजारांबरोबर एक जाड वही निघाली, उर्दूत लिहिलेली. काकांनी मला वाचायला बोलावलं. तेव्हापासून बरेच रविवार काका पान्यानं काम करतात, त्यांचा नातू रॉकेलमध्ये भाग धुतो आणि मी वही वाचतो.

वहीत शायरी नाही, हिशेब आहे. कुठलं काम कधी केलं, कुठला भाग कुणाकडून आणला, किती दिवस टिकला. रेडिएटरला कुठल्या ट्रकची नळी कापून बसते. प्लग पेटायचा क्रम १-३-४-२, उर्दू आकड्यांत, खाली दोन रेघा मारून. एका पानावर डिस्ट्रिब्युटरची आकृती आहे, ती इतकी नेटकी की मी ती वर्गात फळ्यावर काढून दाखवली. कंपनीच्या छापील पुस्तकात गाडी नवी असताना कशी असते ते लिहिलेलं असतं. गाडी तीस वर्षं वापरल्यावर काय होते, ते या वहीत आहे. वहीच्या आधारानं आम्ही कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ केला, पॉइंटचं अंतर लावलं, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. इंजिन सुरू झालं आहे. पत्र्याचं काम अजून बरंच बाकी आहे.

इथे कायद्याचा विषय येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. नियम चांगला आहे. काकांच्या गाडीला त्याचा लाभ मिळू शकेल. पण नियमातले दोन शब्द मला अडवतात, खासगी आणि मूळ. ज्या पद्मिनीनं मुंबईला अर्धशतक वाहून नेलं, ती धंद्याची गाडी होती. आणि ती टिकली ती मूळ रूप बदलत गेल्यामुळेच. डिकीत सीएनजीची टाकी बसवली, मिळेल त्या भागावर भागवलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिला वारसा म्हणून जपायचं तर नियमात तशी जागाच नाही. घरंदाज गाडीला मान आणि राबणाऱ्या गाडीला भंगार, हा न्याय माणसांच्या इतिहासातही आपण पाहतो. राजवाडे जपले जातात, ते बांधणाऱ्या गवंड्यांच्या वस्त्या उठवल्या जातात.

मी नव्या गाड्यांच्या विरोधात नाही. कारेगावची चूल त्यांच्यावर पेटते आणि माझे कितीतरी विद्यार्थी त्याच कारखान्यांमध्ये कामाला आहेत. नव्या गाडीचा धूर कमी, ब्रेक भरवशाचे, आणि अपघातात जीव वाचण्याची शक्यता जुन्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. पण या गाड्या उघडायला आता पान्याआधी संगणक लागतो, आणि त्या संगणकाची किल्ली कंपनीच्या हातात असते. त्या अबार्थ पुंटोचंच पाहा. तीस वर्षांनी कुणी हौशी माणूस ती पुन्हा उभी करायला निघाला, तर इंजिन त्याला समजेल. इंजिनावर हुकूम चालवणारी छोटी पेटी बंद पडली, तर तिच्या आत काय लिहिलं आहे ते त्याला कोण वाचून दाखवणार? वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करण्याचा हक्क असावा, ही मागणी जगभर होते आहे. तो शौकिनांचा हट्ट नाही. उद्याच्या मिस्त्रीच्या पोटाचा तो प्रश्न आहे.

आणि एक काम आपल्याच हातातलं आहे. तुमच्या गावात, नात्यात, मोहल्ल्यात असा एखादा म्हातारा उस्ताद असेलच. त्यानं फियाट उघडली असेल, जावा किंवा राजदूत, नाहीतर नुसतं डिझेल इंजिन. त्याच्याकडे वही असेल तर तिची छायाचित्रं काढून ठेवा. उर्दू येत नसेल तर वाचून देणारा शोधा, मी आहेच. वही नसेल तर त्याच्यासमोर बसा आणि एखाद्या शाळकरी मुलाला लिहायला बसवा. कुठला आवाज कशाचा, कुठला वास कशाचा, हे तो सांगेल. फेरारींच्या मदतीला कोण होतं, अबार्थच्या पेटीत काय होतं, ते इटलीनं लिहून ठेवलं म्हणून मला इथे बसून वाचता आलं. आपल्या लोकांनी त्याच इंजिनावर जास्त वर्षं, जास्त अवघड काम केलं आहे. ते लिहायला परदेशातून कुणी येणार नाही.